उणे अठरा आणि मोकळी घोडी

घोड्याला बर्फात मोकळं सोडावं की आत बांधावं, आणि बर्फात त्याच्यावर बसावं की नाही, यावरून आमच्या घरात जे रण पेटलं त्याचं हे टिपण. एका बाजूला मामा : लष्कराच्या ॲनिमल ट्रान्सपोर्टमध्ये खेचरांबरोबर उभी नोकरी काढलेले, काश्मीर-लडाखच्या थंडीत जनावरं सांभाळलेले. दुसऱ्या बाजूला ताई : कॅनडात ऑंटारिओमध्ये स्थायिक, ग्वेल्फजवळच्या एका तबेल्यात पंधरा वर्षांची, क्वार्टर हॉर्स जातीची घोडी ठेवणारी. घोडीचं नाव मिरची. जानेवारीत मामा तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा मीही तिथेच होतो. मला घोड्यावर बसता येत नाही, त्यामुळे पंचाची जागा आपसूक माझ्याकडे आली.

मामा : बाहेर उणे अठरा आहे. घोडी उघड्यावर, अंगावर झूल नाही, पायात नाल नाही. आमच्याकडे एखाद्या जवानानं जनावर असं ठेवलं असतं तर आठवडाभर त्याची धडगत नव्हती.

ताई : मामा, तिच्या पाठीवर काय दिसतंय?

मामा : बर्फ. बोटभर साचलाय.

ताई : वितळलाय का?

मामा : नाही.

ताई : म्हणजे आतली ऊब बाहेर येतच नाहीये. केस उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते. आता हात घाला केसांत, कातडीपर्यंत. कोमट लागेल.

मामांनी हातमोजा काढून हात घातला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण हात लवकर काढलाही नाही.

ताईचं म्हणणं असं की थंडीचे केस थंडी पडल्यावर उगवत नाहीत, दिवस लहान होऊ लागले की शरीर तयारीला लागतं. म्हणूनच प्रदर्शनाच्या घोड्यांना हिवाळाभर तबेल्यात रात्रीसुद्धा दिवे लावून ठेवतात. दिवस मोठा वाटला की केस आखूड राहतात. मिरची मात्र ऑगस्टपासून बाहेर आहे. सास्काचेवान विद्यापीठातल्या संशोधनाचा आधार ताई घेते : थंडीला सरावलेल्या, पोटभर खाणाऱ्या प्रौढ घोड्याला साधारण उणे १५ अंशांपर्यंत अंग ऊबदार ठेवायला जास्तीची शक्ती खर्चावी लागत नाही.

मामा : आज उणे अठरा आहे. तुझ्याच हिशेबानं तीन अंश खाली.

ताई : तीन अंशांचं उत्तर गवतात आहे. त्या पातळीच्या खाली दर अंशाला खुराक साधारण अडीच टक्के वाढवायचा. ती दिवसाला दहा किलो वाळलेलं गवत खाते. म्हणजे आज पाऊण किलो जास्त.

मामा : गवत कशाला? चंदी वाढव. दाण्यानं अंगात गरमी येते.

ताई : दाण्यानं ताकद येते, चरबी येते. ऊब गवतानं जास्त येते. गवतातला चोथा मोठ्या आतड्यात आंबतो, तासन्‌तास आंबत राहतो, आणि त्यातून उष्णता निघते. रात्रभर गवत पुढ्यात असलं की घोडा आतून तापत राहतो. एकदम दाणा वाढवला तर पोटशूळ.

मामा : (थोडं थांबून) थंडी वाढली की रात्रीचा भुसा आम्हीही वाढवायचो. कारण कुणी सांगितलं नव्हतं. उस्ताद म्हणायचा, वाढव, आम्ही वाढवायचो.

पहिला मुद्दा ताईचा, असं मी मनात लिहून ठेवलं. पण मामा सोडणारे नव्हते.

मामा : बरं, कोरडी थंडी सोसेल. ओला घोडा काय करेल?

ताई : तिथे तुमचं खरं. दोन अंशांचा पाऊस आणि वारा हा उणे वीसच्या कोरड्या दिवसापेक्षा वाईट. केस भिजून चपटे झाले की मधली हवा गेली. म्हणून तर ती तीन भिंतींची शेड आहे, वाऱ्याकडे पाठ करून बांधलेली. तशा दिवशी मीही झूल घालते.

मामा : म्हणजे झूल आहे तुझ्याकडे!

ताई : आहे. पातळ झूल उगाच घातली तर तीसुद्धा केस चपटे करते, हे लक्षात ठेवायचं. म्हातारा, हाडं दिसणारा, केस कातरलेला किंवा फ्लोरिडातून परवाच आलेला घोडा असेल तर जाड झूल हवीच. आणि झूल घातली की रोज काढून बरगड्या चाचपायच्या. जाड केसांखाली घोडा वाळत जातो आणि मार्चमध्ये केस गळल्यावर मालकाला कळतं.

इथे मी पंच असूनही तोंड घातलं. नॉर्वेत २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी वाचला होता. तेवीस घोड्यांना तीन पाट्या ओळखायला शिकवलं : एका पाटीवर आडवी रेघ, म्हणजे झूल घाला, एकीवर उभी रेघ, म्हणजे काढा, कोरी पाटी म्हणजे आहे तसं राहू द्या. सगळेच्या सगळे शिकले. मग वेगवेगळ्या हवेत त्यांना विचारलं. ऊन असलं की बहुतेकांनी झूल नको म्हटलं. पाऊस, वारा, गारठा असला की हवी म्हटलं.

"बघ," मामा म्हणाले, "घोडे झूल मागतात."

"बघा," ताई म्हणाली, "घोडे झूल नकोही म्हणतात."

पाण्याच्या बाबतीत मात्र वाद वेगळ्याच दिशेनं गेला. शेजारच्या शेतावरचे गृहस्थ ठासून सांगत होते की घोडा बर्फ खातो, पाणी कशाला? यावर मामा आणि ताई क्षणात एका पक्षाचे झाले. ओल्या चाऱ्यात अर्ध्याहून जास्त पाणीच असतं. वाळलेल्या गवतात जेमतेम दहा-पंधरा टक्के. म्हणजे उन्हाळ्यात चरताना जे पाणी आपोआप पोटात जायचं ते हिवाळ्यात बंद होतं, आणि नेमकं तेव्हाच नळ गोठतात. दहा इंच भुसभुशीत बर्फ वितळला तर पाणी निघतं सुमारे इंचभर. तहान भागवायला घोड्यानं किती बर्फ चघळायचा, आणि तो वितळवायला किती ऊब खर्चायची? पाणी कमी पडलं की वाळका चोथा आतड्यात घट्ट होऊन बसतो. हिवाळ्यात पशुवैद्याला रात्री-अपरात्री उठवतो तो हाच पोटशूळ.

मामा : मी कोमट पाणी पाजतो. त्यात मूठभर कोंडा आणि चिमूटभर मीठ.

ताई : पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये तट्टांवर हेच पाहिलं होतं. फक्त गार पाणी दिलं त्यापेक्षा फक्त कोमट दिलं तेव्हा ती बरंच जास्त प्यायली. पण गंमत पुढे आहे. दोन्ही बादल्या शेजारी ठेवल्या तर जवळजवळ सगळी तट्टं बर्फगार पाण्याकडेच गेली, आणि एकूण प्यायली मात्र कमीच.

मामा : आवडतं ते मानवतंच असं नाही.

(मधुमेहाची गोळी घेऊन तिसरा लाडू उचलणाऱ्या माणसानं हे म्हणावं! पण पंचानं गप्प बसायचं असतं.)

ताईच्या तबेल्यात हौदाला विजेचा हीटर आहे. मामांनी वायर तपासली आणि एक जुना अनुभव सांगितला : पाणी भरलेलं, न गोठलेलं, आणि तरी खेचर पिईना. हात घातल्यावर कळलं, पाण्यात हलकासा करंट उतरत होता. हौद भरलेला दिसतो म्हणून समाधान मानायचं नाही. पातळी खाली जातेय का ते बघायचं.

आत बांधण्याच्या बाजूनं मामांचा शेवटचा बाण होता तबेल्याची ऊब. दारं-खिडक्या बंद, आत बारा घोडे, छान गरम. ताईनं त्यांना पहाटे तशाच एका बंद तबेल्यात नेलं. दार उघडताच डोळ्यांना झोंबलं. लघवीचा अमोनिया, गवताची धूळ, छतावरून टिपकणारी वाफ. माणसाला जी ऊब वाटते ती घोड्याच्या फुप्फुसाला महागात पडते. धुळीनं आणि कोंदट हवेनं घोड्यांना दम्यासारखा विकार जडतो. मामा खोकत बाहेर आले आणि म्हणाले, "यापेक्षा तुझी मिरची बरी." त्या दिवशी मला वाटलं, निकाल लागला.

तो लागला नव्हता, कारण दोन दिवसांनी हवा फिरली. जानेवारीत तिकडे असं होतं : अचानक चार-पाच अंश, दिवसभर रिपरिप, आणि रात्री पुन्हा उणे दहा. सकाळी पॅडॉक, म्हणजे घोडीचं कुंपण घातलेलं आवार, काचेसारखं चमकत होतं. ताई नेहमीप्रमाणे दोरी घेऊन मिरचीला शेडबाहेर काढायला निघाली, आणि मामा फाटकात आडवे उभे राहिले.

मामा : आज नाही.

ताई : उणे दहाच तर आहे!

मामा : थर्मामीटर बघू नकोस, जमीन बघ. थंडीनं मेलेलं खेचर मी क्वचितच पाहिलं. घसरून गेलेली पाहिली आहेत. मागचे दोन पाय दोन दिशांना फाकले की मांडीचे स्नायू फाटतात, कधी कमरेचं हाड जातं. पाचशे किलोचं जनावर तिथून उठवणार कोण?

ताई : मग किती दिवस आत ठेवू? फिरलं नाही की आतडं मंदावतं.

मामा : आत ठेव असं कोण म्हणतं? वाट तयार कर.

आणि मामांनी वाट तयार करून दाखवली. शेकोटीची लाकडाची राख आणि वाळू फाटकापासून शेडपर्यंत आणि शेडपासून पाण्यापर्यंत. वाळू संपली तेव्हा जुनी लीद पसरली. ती बर्फाला चिकटून गोठते आणि खुराला पकड देते. ताईनं लाकडाचा भुगा सुचवला. मामांनी मुठीनं टाकून त्यावर स्वतःचा बूट सरकवून दाखवला. भुगा नुसता वर तरंगतो, उलट जास्त घसरतं. मीठ फार टाकायचं नाही, घोडे चाटत बसतात. आणि वाळूवर गवत टाकायचं नाही, कारण गवताबरोबर पोटात गेलेली वाळूही पोटशूळच आणते. उरलेल्या पॅडॉकला दोरी लावून मिरचीला एवढाच पट्टा मोकळा ठेवला. ती शेड ते हौद अशा फेऱ्या मारत राहिली.

ते करताना मामांना कुंपण दिसलं. विजेच्या तारेचं. त्यांनी हातमोजा घातलेल्या हातानंच तिच्याकडे बोट दाखवलं : "ही चालू आहे का?" मशीन चालू होतं. पण झटका बसायला वीज जनावराच्या पायातून जमिनीत उतरावी लागते; कोरडा बर्फ आणि गोठलेली माती ती वाट अडवतात. घोड्याला हे लवकर कळतं, मालकाला उशिरा. यावर उपाय म्हणजे शेजारची तार जमिनीशी जोडायची, म्हणजे घोडा दोन्ही तारांना एकदम लागला की फेरी पूर्ण होते. वाऱ्यानं कोपऱ्यात बर्फ इतका साचला होता की चार फुटी कुंपण तिथे दीड फुटाचं उरलं होतं. फावडं घेऊन तो कोपरा मोकळा करायचं काम, अर्थातच, पंचाकडे आलं. शेतातलं तळं मात्र ताईनं आधीच पक्कं कुंपण घालून वेगळं केलं होतं. बर्फाखाली तळं आणि कुरण एकसारखंच दिसतं.

आता राहिले पाय. ताई नोव्हेंबरात नाल काढते. कारण साधं : लोखंडी नालाला चिकटलेला बर्फ थोडा वितळतो, पुन्हा गोठतो, आणि खुराखाली गोळा वाढत जातो. उंच टाचांची सँडल घालून खडीवर चालावं तशी घोड्याची गत होते. अनवाणी खुरातून गोळा पुष्कळदा आपोआप निसटतो. मामांचं म्हणणं, अनवाणी खूर गोठलेल्या खाचखळग्यांत दुखावतो आणि निसरड्या बर्फावर धरत नाही. त्यासाठी त्यांनी थेट नेपोलियनला साक्षीला बोलावलं : १८१२ च्या रशिया मोहिमेत फ्रेंच सैन्याच्या घोड्यांना बर्फाचे नाल नव्हते, चढांवर तोफा ओढताना घोडे कोसळत गेले, बादशहाच्या घोड्यांचा कारभार पाहणाऱ्या कोलँकूरनं मात्र आपल्या पागेतल्या घोड्यांना टोकदार नाल ठोकून घेतले होते.

ताई : नेपोलियनला मॉस्कोहून परतायचं होतं. मिरचीला शेडपासून हौदापर्यंत जायचंय.

मामा : आणि तू तिच्यावर बसून रानात जातेस ते?

हा खरा प्रश्न होता. नालबंदाचं मत घेतलं तर तोही दोघांना थोडं थोडं देऊन मोकळा झाला. नाल हवाच असेल तर त्याखाली रबराची पट्टी घालावी, ती गोळा बाहेर ढकलते. निसरड्यासाठी टंगस्टन कार्बाइडची छोटी टोकं बसवावी. पण टोकं लावलेला घोडा कळपात सोडला की एकाची लाथ दुसऱ्याला चिरते; आणि पकड फार झाली तर पाय जागीच अडकतो, अंग पुढे जातं, ताण सांध्यावर येतो. खुराच्या तळव्याला व्हॅसलीन फासायचं तर ते तासाभराचं काम.

बर्फातल्या सवारीवर ताईचा जीव आहे. नवा, कोरडा, वीतभर बर्फ पडलेला असावा, झाडं गप्प, टापांचा आवाज नाही. तिनं मामांना सेंट मॉरिट्झच्या शर्यतीचा व्हिडिओही दाखवला. स्वित्झर्लंडमधल्या त्या गोठलेल्या तळ्यावर १९०७ पासून घोडे धावतात.

मामा : २०१७ चा दाखव की. बर्फाला तडा गेला होता, घोडे पडले, एक घोडा गेला, जॉकी जबर जखमी झाला. आणि तिथे बर्फाची जाडी रोज मोजणारी माणसं असतात. तू काय मोजतेस?

ताई : मी तळ्यावर जातच नाही. ओळखीच्याच वाटेवर जाते, उन्हाळ्यात पायाखालची. गुडघ्यापर्यंत बर्फ असेल तर परत फिरते. वर कडक पापुद्रा असेल तर जातच नाही, तो खुराच्या वरची कातडी कापतो. पहिली पंधरा मिनिटं नुसती चाल. उणे वीसच्या खाली दुडकीसुद्धा नाही; जोरात पळवलं की थंड कोरडी हवा छातीत खोल जाते आणि श्वासनलिका सुजतात. लगामाचं लोखंड आधी कोटात धरून गरम करते.

मामा : लगामाचं लोखंड गरम करतेस आणि रिकिबीत हे बूट घालतेस?

ताईचे बर्फाचे बूट जाड, रुंद. मामांनी तिला जमिनीवरच रिकिबीत पाय घालून काढायला सांगितलं. निघेना. पडलं तर हा पाय अडकणार आणि घोडी फरफटत नेणार. दुसऱ्या दिवशी ताईनं मोठ्या मापाची रिकीब आणली. मला विचाराल तर सगळ्या वादातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

निसरडं लागलं तर काय करावं, यावर एकमत झालंच नाही. ताई म्हणते, लगाम सैल सोडावा, पाय रिकिबीतून काढावेत, वळवू नये, घोड्याला त्याचा तोल सांभाळू द्यावा. मामा म्हणतात, उतरावं आणि खांद्याच्या बाजूनं, दोन हात अंतर ठेवून चालावं; पुढे चालणाऱ्यावर घोडा येतो. "घोड्याच्या पाठीवर साठ किलो कमी झाले हा काय थोडा फायदा?" माझा कौल इथे मामांना. जवान उतारावर उतरतो तो शिस्तीपोटी नव्हे, जनावराला मदत म्हणून.

इनडोअर रिंगणात जावं तर तिथे वेगळंच भय. पत्र्याच्या छपरावर साचलेला बर्फ ऊन लागलं की एकदम घसरतो, कडाड आवाज होतो, आणि शांत घोडाही उधळतो. तबेल्यात सगळ्यांना ठाऊक आहे : छप्पर ठिबकायला लागलं की आत सवारी नाही.

सवारीनंतर मात्र दोघांत भांडायला काही उरलं नाही. घामेजलेला घोडा थेट बाहेर सोडणं हा दोघांच्याही लेखी गुन्हा. ताई लोकरीची झूल टाकते. मामांनी गवताचा पीळ वळून मिरचीचं अंग चोळून दाखवलं, आधी केसांच्या उलट, मग सुलट. केस कोरडे होऊन पुन्हा उभे राहीपर्यंत तिला दाराबाहेर काढलं नाही. त्याला सवारीइतकाच वेळ लागला. ताई कबूल करते की कामाच्या दिवशी संध्याकाळी एवढा वेळ नसतो. "मग कामाच्या दिवशी बसू नकोस," मामा म्हणाले, आणि ती बसत नाही.

पंच म्हणून माझा निकाल असा : मोकळं सोडण्यात ताई बरोबर, जमीन बघण्यात मामा. आणि सवारीच्या बाबतीत मी मामांकडे झुकतो, कारण थंडी घोड्याला सोसते की नाही ते शरीर ठरवतं. पण निसरड्यावर पाठीवर माणूस घेऊन चालायचं हे घोड्यानं ठरवलेलं नसतं.

मराठी वाचकांपैकी ग्वेल्फला घोडा पाळणारे थोडेच. पण हिवाळ्यात गुलमर्ग, सोनमर्ग, पहलगामला जाऊन बर्फात तट्टावर बसणारे पुष्कळ. तुम्ही त्यातले असाल तर बसण्याआधी तट्टाचे चारही पाय बघा. खुराखाली बर्फाचा गोळा असेल तर मालकाला काढायला सांगा. पाठीवर घाम गोठलेला दिसला तर दुसरं तट्टू मागा. बुटासकट पाय रिकिबीतून सहज सुटतो ना, ते चढण्याआधी बघा. पळवायला सांगू नका. आणि उतार चमकताना दिसला तर ठरलेले सगळे पैसे द्या, पण खाली उतरून चाला.